सर, आधी बाटली भरा, मेरो मग लावा

कोल्हापुरातल्या समस्त डॉक्टर मंडळींना, आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदरना आणि हॉस्पिटलच्या मालक लोकांना,

नमस्कार.

मी लॅबवाली. नाव सांगून उपयोग नाही, नावानं मला कुणी ओळखत नाही, पण आवाज ओळखाल. सकाळी राउंडवरनं तुम्ही इंटरकॉम करून "मॅडम, कल्चर आलं का?" विचारता आणि पलीकडनं "सर, अजून चोवीस तास" असं म्हणते ती मी, किंवा माझ्यासारखीच दुसरी कोणतरी, कारण दसरा चौकापासून राजारामपुरीपर्यंत जेवढी मोठी हॉस्पिटलं तेवढ्या जिन्याखाली, बेसमेंटमध्ये, पार्किंगच्या मागं आमच्यासारख्या मायक्रोच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या, खोल्या आहेत. चौदा वर्षं झाली प्लेटा बघायला लागून. (बोलताना मी आलो-गेलोच म्हणते, कोल्हापूरची बाई म्हणते तसं, लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात म्हणून आले-गेले.)

आत्ता हातात चार तास आहेत. आठ वाजता एका क्लेबसिएला जंतूच्या नळीत मेरोपेनेमची (आपलं 'मेरो', जबर अँटिबायोटिक) चकती बुडवून इनक्युबेटरला लावलीय, ती बाराला काढायचीय. तोवर रोजच्या प्लेटा उरकत मधेमधे हे टाइप करतेय, त्यामुळं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

म्हणणं एकच आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना घ्या. रक्त असू दे, लघवी असू दे, पू असू दे, आधी नमुना, मग औषध. तुम्ही म्हणाल हे काय सांगायला पत्र लिहायला पाहिजे होय, हे तर सगळ्यांना माहीत आहे. माहीत सगळ्यांना आहे हो, पण आमच्या खिडकीत जे येतं ते बघून तसं वाटत नाही.

परवा सोमवारी दुपारी एक लघवी आली. फॉर्मवर वय ६२, डायग्नोसिसच्या जागी नुसतं 'फिवर', आणि 'अँटिबायोटिक चालू आहे का' हा रकाना नेहमीसारखा कोरा. ग्रॅम स्टेन करून, म्हणजे जंतू रंगवून, स्लाइड ऑइलखाली धरली तर फील्डभर पस सेल आणि त्यांच्यात गुलाबी काड्याच काड्या, मोजायचं कामच नाही. मनात म्हटलं उद्या मॅकॉन्कीच्या प्लेटवर जत्रा भरतीय. मंगळवारी सकाळी प्लेट उघडली तर पाटी कोरी. एक कॉलनी नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, लूप (जंतू उचलायची तारेची कडी) गरम असतानाच लावला की काय, म्हणून उरलेला नमुना परत लावला आणि मग वॉर्डला फोन केला. सिस्टर म्हणाली, "मेरो चालू हाय की ओ रविवार रात्रीपासनं, नमुना घ्यायच्या आधीच दोन डोस गेल्यात."

म्हणजे स्लाइडवर मला दिसत होती ती प्रेतं. जंतू होता, भरपूर होता, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर मेला नाहीतर मरायला टेकला. आणि मेलेला जंतू नावगावही सांगत नाही आणि आपण कशानं मरतो तेही सांगत नाही.

रिपोर्ट काय जाणार? 'नो ग्रोथ'. मी खाली टीप टाकली की स्मिअरमध्ये ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (त्याच गुलाबी काड्या) दिसले आहेत, आधीच्या अँटिबायोटिकमुळं वाढ झाली नसावी. टीप कोण वाचतंय. पेशंटच्या मुलानं काउंटरवरच पाकीट फोडलं आणि फोनवर कुणालातरी सांगितलं, "चला, इन्फेक्शन नाही म्हणायचं." तिकडं डॉक्टरांची वेगळीच पंचाईत. ताप उतरतोय, पण कुठल्या जंतूचा होता कळत नाही, त्यामुळं मेरो बंद करून साध्या औषधावर यायची हिंमत होत नाही, चालू ठेवलेलं बरं म्हणून दहा दिवस ओढलं जातं. माझ्या मते खरा घोळ इथं आहे. दहा दिवसांत त्या माणसाच्या आतड्यातले मेरोला मरणारे सगळे मरतात, न मरणाऱ्यांना रान मोकळं होतं, आणि ते मग कॅथेटरवरनं, हातावरनं, बेडच्या कठड्यावरनं शेजारच्या कॉटवर जातात. पहिल्या रात्री एक बाटली भरली नाही त्याची किंमत तिसऱ्या आठवड्यात दुसराच पेशंट देतो.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील मायक्रो आम्हाला सेकंड इयरला होतं. होतं, मान्य, पण त्याला वर्षं किती झाली? म्हणून आमच्या खोलीत काय चालतं ते थोडं सांगतेच, कंटाळा आला तर पुढं सरका.

नमुना आला की लूपनं प्लेटवर ओढायचा आणि रात्रभर ३५ डिग्रीला ठेवायचा. सकाळी कॉलन्या येतात. ई. कोलाय मॅकॉन्कीवर गुलाबी, सपाट, कोरडी. स्यूडोमोनास हिरवट, आणि झाकण उचललं की पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास (वास घ्यायचा नाही असा नियम आहे, पण तो येतोच, तासगावची बाग उघडल्यासारखा). आणि क्लेबसिएला म्हणजे चिकट, ओली, फुगलेली, त्यातली एखादी इतकी चिकट की लूप लावून वर उचलला की काकवीची तार निघावी तशी तार निघते, गुऱ्हाळावर गुळव्या पाक दोन बोटांत धरून बघतो ना अगदी तसं. आमच्याकडं शिकायला आलेली पोरं पहिल्यांदा हे बघून खूश होतात, मी होत नाही, कारण ती तार निघाली की तो पेशंट कुठल्या बेडचा आहे ते मी आधी बघते.

मग त्या कॉलन्या सलाईनमध्ये मिसळायच्या आणि मॅकफार्लंड ०.५ या ठरलेल्या गढूळ नळीशी जुळवायच्या, म्हणजे मागं काळ्या रेघांचं कार्ड धरायचं आणि दोन्ही नळ्यांतनं रेघ सारखीच धूसर दिसेपर्यंत कमीजास्त करत बसायचं. जुळलं की मिलीला साधारण १५ कोटी जंतू झाले. ते स्वॅबनं म्युलर-हिंटनच्या प्लेटवर सारवायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, आणि परत १६ ते १८ तास. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिथं जंतू वाढला नाही तो मोकळा गोल पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचा. म्हणजे एक रात्र जंतू वाढायला आणि दुसरी रात्र औषधं तपासायला. व्हायटेकसारखं मशीन असलं तर दुसरी रात्र वाचते, पहिली सहसा वाचत नाही. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो तरी आपल्या दोन रात्री जातात, आणि हे सगळं कशावर उभं आहे तर आलेल्या नमुन्यात जिवंत जंतू असण्यावर.

रक्ताचं तर अजून अवघड. मोठ्या माणसाच्या रक्तात सेप्सिसमध्येसुद्धा (इन्फेक्शननं अवयव बिघडायला लागतात तेव्हा) बऱ्याचदा मिलीला एखादा-दुसरा जंतू असतो, कधी तेवढाही नाही. म्हणून एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त आणि दोन हातांतनं दोन सेट असं सांगितलेलं असतं. आमच्याकडं येते एकच बाटली आणि तिच्यात दोन-तीन मिली. चहाच्या कपानं रंकाळ्यातनं मासा काढायचा प्रकार आहे हा. त्यात औषध आधी गेलेलं असलं तर मग संपलंच. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांमधला एक अभ्यास आला होता, सिव्हिअर सेप्सिसचे ३२५ पेशंट, त्याच माणसाचं रक्त अँटिबायोटिकच्या आधीपण घेतलं आणि सुरू केल्यावर दोन तासांच्या आत परत घेतलं. आधीच्या रक्तात ३१.४ टक्के लोकांत जंतू सापडला, नंतरच्यात १९.४ टक्के. दोन तासांच्या आत हा फरक. आमच्याकडं नमुना येतो दुसऱ्या दिवशी दुपारी.

यावर मला ऐकवलं जाणारं वाक्य ठरलेलं आहे: "मॅडम, पेशंट जातोय आणि तुम्ही बाटली बाटली काय करताय?" सर, तुमचं बरोबर आहे, शॉकमधल्या पेशंटला तासाच्या आत अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, ते थांबवा असं कुणी म्हणत नाही. सेप्सिसच्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय की कल्चर आधी घ्या, पण त्यापायी औषधाला ४५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर होत असेल तर नका थांबू. मग बाटली भरायला किती वेळ लागतो? तुम्ही शुगर, सीबीसी, क्रिएटिनिनला रक्त काढताच ना त्याच वेळी, तिथंच दहा मिली जास्त ओढा, दुसऱ्या हातातनं अजून दहा. पाच मिनिटं, फार तर सात. मेरोची पावडर विरघळवून सेट जोडेपर्यंत तेवढी जातातच. अडचण वेळेची नाहीच, अडचण ही आहे की रात्री अकराला कॅज्युअल्टीत बाटल्याच नसतात. त्या स्टोअरला कुलपात असतात आणि किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जकडं. हे मी एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी बघितलंय. मालक लोकांनो, हे तुमच्यासाठी. अँटिबायोटिकची कुपी ज्या ट्रॉलीवर असते त्याच ट्रॉलीवर चार ब्लड कल्चर बाटल्या ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर ठेवा, आणि रक्त भरल्यावर तर अजिबात फ्रिजमध्ये टाकू नका. फ्रिज लघवीसाठी, तीपण दोन तासांत आमच्याकडं पोचणार नसेल तर.

आता घरचं सांगते. सांगावं की नको दोन दिवस विचार करत होते.

माझे थोरले मामा राधानगरीकडचे. सत्तरी ओलांडलेली, प्रोस्टेटचा त्रास, तरी पहाटे उठून म्हशी पिळणारा माणूस. लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, रात्री इथं शहरात एका हॉस्पिटलात आणलं. मी काम करते ते नव्हे, दुसरं. नाव सांगणार नाही, त्यानं काही साध्य होत नाही आणि तिथं झालं ते कुठंही होतं. कॅथेटर घातला, सलाईन लावलं, आणि ड्युटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरनं मेरो सुरू करायला सांगितलं. मी तिथं कॉटपाशी उभी होते. चौदा वर्षं हेच काम करणारी बाई. तोंडावर आलं होतं, "सर, आधी कल्चर घ्या की", आणि बोलले नाही. मामी रडत होती, तो पोरगा तीन पेशंट एकटा सांभाळत होता, मला वाटलं आपण नातेवाईक म्हणून आलोय, उगं शहाणपणा कशाला. दुसऱ्या दिवशी दुपारी लघवीचा नमुना गेला, तोपण कॅथेटरच्या पिशवीतनं नळ सोडून. पिशवीतली लघवी म्हणजे तासन्‌तास साचलेलं पाणी. रिपोर्ट आला तीन प्रकारचे जंतू, कंटॅमिनेशन, नमुना परत पाठवा. परत कुणी पाठवला नाही.

मेरो अकरा दिवस चाललं. तिसऱ्या आठवड्यात परत ताप आला, या वेळी रक्तात, क्लेबसिएला, आणि रिपोर्टवर वरपासून खालीपर्यंत आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. शेवटी कोलिस्टिन द्यावं लागलं, शेवटचं राखीव औषध, किडनीला जड. मामा वाचले. पण किडनी आधीच नाजूक होती ती बसली, आता आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला येतात, म्हशी विकल्या. यात कोलिस्टिनचा वाटा किती आणि वयाचा किती हे मी सांगू शकत नाही, आणि पहिल्या रात्रीचा जंतू कदाचित साध्या अमिकासिनवर गेला असता, कदाचित नसताही गेला. ते कळायला बाटली भरायला पाहिजे होती, आणि ती भरा म्हणायला मी तिथं उभी होते. म्हणून हे पत्र. त्या पोरावर राग नाही माझा.

बरं, त्या नळीतल्या चकतीचं सांगायचं राहिलं. क्लेबसिएला मेरोला आर आला म्हणजे सगळे सारखेच आर नसतात. काही जंतू मेरो आत येऊच देत नाहीत आणि काही सरळ मेरो खाऊन टाकतात, म्हणजे कार्बापेनेमेज नावाचं एन्झाइम बनवून औषध तोडतात. दुसरी जात जास्त वाईट, कारण ते एन्झाइम बनवायचं गुपित बहुतेक वेळा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कडीवर, असतं आणि ते एक जंतू दुसऱ्याला देतो, क्लेबसिएला ई. कोलायला देतो, गल्लीत गाडीची चावी फिरावी तसं. हे ओळखायची सोपी युक्ती आहे, महागडं मशीन लागत नाही. दोन मिली ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचं पातळ खाद्य) एक लूप जंतू, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोची चकती, चार तास. मग ती चकती बाहेर काढून, नळीच्या कडेला निथळून, साध्या गरीब ई. कोलायच्या (एटीसीसी २५९२२, आमचा पाळलेला) प्लेटवर ठेवायची. संशयित जंतूनं चकतीतलं मेरो खाल्लं असेल तर आमचा गरीब ई. कोलाय चकतीला खेटून वाढतो, गोल १५ मिमी किंवा त्याच्या आत. खाल्लं नसेल तर १९ च्या पुढं मोकळं मैदान. एवढंच. ब्रॉथ आणि चकती तर सगळ्याच लॅबमध्ये असते. त्यातच दुसऱ्या नळीत ईडीटीए हे रसायन घातलं की एनडीएमच्या जातीचं एन्झाइम आहे का तेपण कळतं.

आणि ते कळण्याला अर्थ आहे. सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टम हे महाग इंजेक्शन ओएक्सए-४८ या दुसऱ्या एन्झाइमवाल्यावर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही, तिथं अ‍ॅझट्रिओनामची जोड द्यावी लागते. न तपासता दिलं तर घरच्यांनी दागिने मोडून आणलेल्या कुप्या पाण्यात. ज्यांच्याकडं टीबीचं सीबीनॅट मशीन आहे त्यांना तर अजून सोपं, त्या जातीच्या मशीनवर कार्बा-आर नावाचं कार्ट्रिज चालतं, रेक्टल स्वॅबवर किंवा वाढलेल्या कॉलनीवर, आणि तासाभरात केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी, ओएक्सए-४८ यातलं कुठलं एन्झाइम आहे ते सांगतं. एनडीएममधला एनडी म्हणजे नवी दिल्ली. २००८ साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या लघवीत तो क्लेबसिएला सापडला होता, तो माणूस त्याआधी दिल्लीत हॉस्पिटलात होता. नावावरनं २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला, आपल्या देशाची बदनामी वगैरे. नाव कुणाचंही असू दे, आज तो माझ्या प्लेटवर येतो आणि त्याला कोल्हापूरचा रहिवासी दाखला द्यायला हरकत नाही.

कोलिस्टिनवर एक सांगू? तुमच्या हातात रिपोर्ट आला आणि कोलिस्टिनसमोर नुसती चकती ठेवून मोजलेला मिमीचा आकडा दिसला, तर त्या लॅबला फोन करून विचारा. ते औषध जेलीत नीट पसरतच नाही, त्यामुळं झोन मोजून काही कळत नाही, ब्रॉथमध्ये एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढावी लागते. आणि २०२० पासून सीएलएसआयनं (या तपासण्यांचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था) कोलिस्टिनची 'एस', म्हणजे 'औषध चालतं', ही कॅटेगरीच काढून टाकली, आता उत्तर एकतर इंटरमीडिएट नाहीतर रेझिस्टंट. कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला २०१९ मध्ये आपल्या सरकारनं बंदी घातली, चांगलं केलं, पण आमच्यात अजून पहिल्या दिवशीच कोलिस्टिन लिहिलेले फॉर्म येतात आणि सोबत कल्चर नसतं. कोंबडीला नाही चालत, माणसाला चालतंय.

जीपी डॉक्टरांना वेगळं काय सांगू, तुमची अडचण मला समजते. पेशंट "डॉक्टर, एक सुई मारा की, उद्या ऊसतोड हाय" म्हणून बसलेला असतो आणि तुम्ही नाही मारली तर पुढच्या गल्लीतला मारतो. चंदगड, गडहिंग्लज, गगनबावडा, आणि तिकडं करूळ घाट चढून वैभववाडीकडनं येणारे पेशंट इथं पोचतात तेव्हा दोन-तीन प्रकारचं औषध पोटात गेलेलं असतं, काही तुमचं, काही मेडिकलमधनं तसंच आणलेलं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची कडक यादी) लागू आहे, सुरुवातीला ४६ औषधं, त्यात थर्ड जनरेशन सेफॅलोस्पोरिन ही अँटिबायोटिकपण आली, दुकानदारानं वेगळं रजिस्टर ठेवून तीन वर्षं जपायचं असतं. किती दुकानांत ते रजिस्टर आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण निदान एवढं करा, रेफरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहा. 'इंज. गिव्हन' नको, नाव लिहा. ते कळलं तर आम्हाला काहीतरी करता येतं, औषध शोषून घेणारी रेझिनची बाटली वापरता येते, नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या असं सांगता येतं, कारण तेव्हा रक्तात औषध सगळ्यात कमी असतं.

बाकी नमुन्यांचे किस्से सांगत बसले तर रात्र होईल. कल्चरला पाठवलेला टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे जंतूंचं लोणचं. बेडकाच्या नावाखाली नुसती थुंकी, स्लाइडवर गालाच्या आतल्या पेशींशिवाय काही नाही, आणि त्याच्यावर वाढलेल्या तोंडातल्या जंतूला मारायला लावलेलं महागडं औषध. ओटीतनं दुपारी निघालेला पसचा स्वॅब संध्याकाळी खडखडीत वाळून येतो. पू असेल तर सिरिंजमध्ये ओढून पाठवा, सुई काढून, टोपण लावून. एवढंच म्हणते.

आमच्या चुका लपवणार नाही. एका शनिवारी रात्री ब्लड कल्चरची बाटली मशीनवर पॉझिटिव्ह झाली, रविवारी लॅब बंद, सोमवारी सकाळी मी स्लाइड बघितली. पेशंट रविवारी पहाटे गेला होता. त्याच्या मरण्याशी त्या छत्तीस तासांचा संबंध होता की नव्हता मला माहीत नाही, पण तेव्हापासून आमच्याकडं रविवारी एकजण येतो आणि बाटली पॉझिटिव्ह झाली की ग्रॅम स्टेन करून लगेच वॉर्डला फोन जातो, रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही. आणि आमचा रिपोर्ट. वीस औषधांची यादी, समोर एस आणि आर, म्हणजे लग्नाच्या जेवणाचं मेनू कार्ड, आणि मेनू कार्ड हातात आलं की माणूस महागातलंच मागवतो. जिथं साधं औषध एस आहे तिथं आम्ही राखीव औषधांची नावं छापायलाच नकोत, मागितली तर द्यायची. हे माझ्या लॅबमध्ये अजून अर्धंच झालंय, कारण "मॅडम, रिपोर्ट छोटा का आलाय, पैसे तेवढेच घेताय" असा फोन येतो. तो फोन करणारे सर हे वाचत असतील.

शेवटचं मालक लोकांना आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला. आपल्या शहरात कुठला जंतू कुठल्या औषधाला किती टक्के मरतो हे एका पानावर आजपर्यंत माझ्या हातात पडलेलं नाही. प्रत्येक हॉस्पिटलचा डेटा आपापल्या रजिस्टरमध्ये पडून आहे. एकट्या लहान हॉस्पिटलला तसा तक्ता जमतही नाही, कारण एका जंतूचे वर्षाला निदान ३० तरी वेगवेगळे पेशंट पाहिजेत तर त्या टक्केवारीला अर्थ. पण सीपीआरचं सरकारी हॉस्पिटल, बावड्याचं मेडिकल कॉलेज, इचलकरंजी-जयसिंगपूरच्या लॅब आणि आम्ही चार खाजगीवाले एकत्र आलो तर ३० काय, ३०० होतील. व्हूनेट नावाचं डब्ल्यूएचओचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेशंटचं नाव द्यायची गरज नाही. केरळनं राज्याचा तक्ता काढलाय, आपल्याला एका जिल्ह्याचा जमू नये? ड्युटीवरच्या त्या पोरगेल्या डॉक्टरच्या समोर भिंतीवर तो कागद असता तर रात्री अकराला त्यानं मेरोच उचललं असतं असं नाही. त्याच कागदाच्या वरच्या ओळीत 'आधी बाटली' असं मोठ्या अक्षरात छापा म्हणजे नातेवाइकांपैकी कुणाला बोलायची लाज वाटत असेल तर त्याला बोट दाखवता येईल.

बारा वाजत आले, चकती काढायला उठते. ज्या पेशंटची ती आहे त्याच्या झोनचा आकडा उद्या सकाळी कळेल, मी स्वतः वॉर्डला फोन करीन. पण त्याची काल आलेली ब्लड कल्चरची बाटली एकच होती आणि त्यात रक्त जेमतेम दोन मिली. पुढचा डोस दुपारी दोनला आहे असं सिस्टरनी सांगितलंय. दोनच्या आधी दोन्ही हातांतनं दहा-दहा मिली काढून पाठवा, मी साडेचारपर्यंत आहे, आणि फॉर्मवर मेरो कधीपासनं चालू आहे ते लिहा.

तुमची,
बेसमेंटमधली लॅबवाली